घोडके सरांचं प्लाटिया

आमच्या धाराशिवच्या कॉलेजात इतिहासाला विद्यार्थी कमी आणि किस्से जास्त. त्यातले निम्मे घोडके सरांचे. सरांची पीएचडी प्लाटियावर, म्हणजे प्राचीन ग्रीसमधल्या एका बारक्या नगरराज्यावर. त्यांचा ज्युनिअर म्हणून मी सोळा वर्षं प्लाटियाच ऐकतोय. तक्रार नाही, सांगतोय फक्त.

*

प्राचार्य एकदा म्हणाले, "करायचीच होती तर अथेन्सवर करायची ना पीएचडी."

"अथेन्सवर सगळेच करतात सर. वाशीवर कोण करणार?"

प्राचार्य मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचे.

*

स्पार्टानं प्लाटियाला वेढा घालून भोवती भिंत बांधली. आतल्यांनी त्या भिंतीच्या विटांचे थर मोजून तेवढ्या उंचीच्या शिड्या केल्या आणि निम्मे पसार झाले. हे शिकवायला सरांनी पोरं परंड्याच्या किल्ल्यावर नेली. तासभर सगळे तटाचे थर मोजत उन्हात उभे. शेवटी राखणदार जवळ आला.

"दगड कशामुळं मोजायलाव सर? कमी भरलेत का?"

*

प्लाटियानं अथेन्सशी दोस्ती का केली, असा प्रश्न परीक्षेत होता. वाशीकडच्या एका पोरीनं लिहिलं, 'शेजारचं थीब्ज दांडगं होतं. शेजारी दांडगा असला की माणूस तालुक्याचा पुढारी धरतो. मॅरेथॉनच्या लढाईत प्लाटिया अथेन्ससाठी धावून गेलं. पुढं प्लाटियाला वेढा पडला, तेव्हा अथेन्सचा फोन बंद होता.'

सरांनी पाचपैकी चार दिले. म्हटलं, "एक का कापला? बरोबर तर आहे."

"फोनला पुरावा न्हाय," सर म्हणाले. पुराव्याच्या बाबतीत माणूस लई कडक.

*

तपासणी समिती यायची म्हटलं की प्राचार्यांना सर आठवायचे. मागच्या खेपेला सुट्टी सोडून सरांनी प्राचार्यांच्या सगळ्या फायली रचल्या. प्राचार्यांनी खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या प्राचीन ग्रीसच्या पेपरला कुणी हात लावणार नाही. मी आहे ना."

सर आठवडाभर हवेत होते.

*

यंदा त्या पेपरला सातच विद्यार्थी. तो बंद करायला संस्थेची मंडळी आली. पेपर गेला की सरांची बदली ठरलेली. अध्यक्षांनी एकच विचारलं, "यंदा संस्थेसाठी तुम्ही काय केलं?"

सर पांढरे पडले. प्लाटिया पडल्यावर स्पार्टानं एकेका कैद्याला हेच विचारलं होतं, आमच्यासाठी काय केलं? आणि सगळ्यांना मारलं. त्या खोलीत हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. मला लई वाईट वाटलं.

"प्राचार्यांना विचारा," सर म्हणाले.

प्राचार्यांची खुर्ची रिकामी होती. अध्यक्षांनी मला फोन लावायला सांगितला. मी तीनदा लावला. मग स्पीकरवर टाकला, सगळ्यांनीच ऐकलं. स्विच ऑफ.

सर माझ्याकडं वळले.

"त्या पोरीचा कापलेला मार्क देऊन टाका."