शेवटच्या ओळीआधी

गिटार, ड्रम आणि मागे आठ व्हायोलिनं, असा थाट असलेला आमच्या कॉलेजच्या दिवसांतला बँड परवा नाट्यगृहात पुन्हा वाजला. आता व्हायोलिनं दोनच. बाकीचा आवाज कीबोर्डमधून येत होता. शेजारी बसलेला मित्र पुटपुटला, "तेव्हाही जरा अतीच करायचे हे." तरी प्रत्येक शब्द त्याच्या ओठांवर होता.

त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात शेवटच्या ओळीआधी सगळी वाद्यं थांबतात. तिथे गाणं संपलं असं समजून नवखे टाळ्या वाजवतात, जुने चाहते कधीच नाही. परवा सभागृहात जवळजवळ सगळे जुनेच होते, आम्ही गप्प राहिलो. शांतता लांबली. गायक माइक धरून व्हायोलिनवाल्याकडे पाहू लागला.

"अहो, विसरले का ते?" बायकोने हळूच विचारलं.

"थांब."

ती ओळ सगळ्या सभागृहाला पाठ होती. पण सांगावी तर त्याचं विसरणं उघड होणार, न सांगावी तर तो तसाच उभा राहणार. तो आमच्याहून वयाने फार मोठा नाही.

मग मित्राने टाळी वाजवली. पाठोपाठ आम्ही सगळ्या जुन्यांनी, अगदी नवख्यांसारखी. गायकाने वाकून नमस्कार केला.

गाडीत बसल्यावर मी ती ओळ मनातल्या मनात म्हणून पाहिली. मग पुन्हा एकदा, सावकाश.