एका ओळीची चव

आमची सून केतकी घरूनच कंपनीचं काम करते. तिच्या कॉम्प्युटरवर एक काळा चौकोन असतो, त्याला ती टर्मिनल म्हणते. मोठा प्रोग्राम लिहिण्याआधी ती त्यात एखादीच ओळ लिहून बघते. एंटर दाबलं की लगेच खाली उत्तर येतं. आज मेथी निवडता निवडता मी बघत होते, तर उत्तराच्या जागी लाल अक्षरं आली.

"काय झालं गं?"

"काही नाही आई, माझंच चुकलं," असं म्हणून तिनं चहाचा घोट घेतला आणि पुन्हा लिहायला लागली.

तिचा पगार मला कधी खुपला नाही. हे असं बिनघोर चुकणं मात्र खुपलं. भज्यांचं पीठ भिजवलं की मीसुद्धा आधी एकच भजं तळून चाखते. पण शाळा सोडणं, लग्न, यातलं काहीच मला कुणी आधी चाखू दिलं नाही. चारचौघांत एखादा शब्द चुकला तर तो वर्षभर ऐकवायचे, म्हणून मी बोलणंच कमी केलं.

केतकीनं खुर्ची सरकवली. "आई, तुम्ही लिहा ना एक ओळ. तुमचं नाव दाखवायला सांगू त्याला."

"मला कुठलं जमतंय?"

"चुकलं तर परत लिहायचं. त्यात काय?"

ती इतकं सहज म्हणाली की मला तिचा रागच आला. दूध उतू जाईल म्हणत मी उठले. स्वयंपाकघरात बंद गॅसपाशी उभी राहिले आणि ती पुन्हा हाक मारते का, ते ऐकत राहिले.