गॅलरीखालून आलेलं उत्तर

ज्या इनडोअर स्टेडियममध्ये सकाळी व्हॉलीबॉलचा सामना असतो आणि संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम, तिथे सगळ्यात महत्त्वाचा माणूस खेळाडू नसतो, गायक तर नसतोच नसतो. तो असतो खुर्च्या आत ढकलणारा. निदान खुर्च्या आत ढकलणाऱ्याचं स्वतःचं तरी असं ठाम मत होतं.

त्याला सगळे घडीवाला म्हणत. मैदानाच्या दोन्ही लांब बाजूंना सरकत्या गॅलऱ्या होत्या. सामन्याच्या वेळी त्या पायरीपायरीने बाहेर येत. कार्यक्रम असला की टेबलाच्या खणासारखी एकेक रांग मागच्या रांगेखाली शिरे आणि सबंध गॅलरी कपाटासारखी भिंतीला चिकटून उभी राही. मग मधे नाचणाऱ्यांना रान मोकळं. हे सगळं एका किल्लीवर चाले. किल्ली पिळून धरली की मोटार सुरू, सोडली की बंद. ती किल्ली कित्येक वर्षं त्याच्या गळ्यात होती. बायको म्हणायची, "ह्यांना नावाने हाक मारून उपयोग नाही. किल्ली वाजवा, लगेच ओ देतील."

इतक्या वर्षांत त्याने एकही सामना धड पाहिला नव्हता. लोक पाय आपटायला लागले की हा डोळे मिटून गॅलरीची करकर ऐके. आपल्या कानांवर त्याचा फार भरवसा होता आणि तो चारचौघांत बोलूनही दाखवी.

गॅलरीच्या पोटात, लोखंडी सांगाड्याच्या गर्दीत, झाडलोट करायची त्याची थोरली बहीण. मेहुणे गेल्यावर ह्यानेच मॅनेजरसाहेबांकडे शब्द टाकून तिला कामाला लावलं होतं. सगळं स्टेडियम तिला ताई म्हणे. पॉपकॉर्न, बाटल्या, एकेकटे मोजे, खुर्च्यांना खालून चिकटवलेलं च्युइंगगम, एकदा तर अख्खी कवळी तिला सापडली होती. "लोक वर बसून काय काय सोडून जातात ते तुला नाही कळायचं," ती भावाला म्हणे. "तू आपला नुसती किल्ली फिरवून राजा."

गॅलरी मिटण्याआधी कुणीतरी बॅटरी घेऊन खालून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून यायचं, असा नियम होता. पण त्यात वेळ जाई आणि कपडे काळे होत. म्हणून भावंडांनी आपली सोपी रीत पाडली. हा खाली वाकून ओरडे, "खाली कोण?" ताई पलीकडच्या टोकाने बाहेर पडून ओरडे, "रिकामं!" की हा किल्ली पिळे. सख्ख्या बहिणीचा आवाज, त्यात आणखी काय तपासायचं?

त्या दुपारी संध्याकाळच्या कार्यक्रमाची माणसं ड्रम तपासत होती. छत हादरत होतं. ड्रम जरा थांबल्यासरशी घडीवाल्याने वाकून हाक दिली, "खाली कोण?" नेहमीएवढा थांबला. "रिकामं!" ऐकलं. किल्ली पिळली.

चार-पाच रांगा आत गेल्या आणि मोटार कण्हायला लागली. काहीतरी पत्र्याचं चेपत होतं. मग पत्र्याचा नसलेला आवाज आला. त्याच्या हातातली किल्ली सुटली ती आपोआप. तेवढ्याने ताई वाचली. तिचं कचऱ्याचं पिंप दोन खांबांमधे अडकलं होतं आणि पिंपामागे ती. डाव्या पायाची नळी मोडली होती. तिला बाहेर काढलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ह्याच्या तोंडून एकच वाक्य निघत होतं, "अगं, तू रिकामं म्हणालीस ना! म्हणालीस ना तू!"

तेच वाक्य त्याने तासाभराने मॅनेजरसाहेबांनाही सांगितलं.

"नक्की ऐकलंस?"

"साहेब, बहिणीचा आवाज मी ओळखणार नाही?"

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "मग चूक तिचीच. आतूनच ओरडली, बाहेर आलीच नाही. अशा माणसाला मी कामावर ठेवू शकत नाही, आणि दवाखान्याचंही तिचं तिने बघायचं. तुझी बहीण आहे म्हणून वाईट वाटतं."

घडीवाल्यालाही वाईट वाटलं. पण खरं ते खरं. त्या खऱ्यावर त्याला रात्रभर झोपही लागली.

सकाळी दवाखान्यात ताई प्लॅस्टरातला पाय टांगून पडली होती. हा स्टुलावर बसला आणि जरा रागानेच म्हणाला, "आतून कशाला ओरडलीस?"

"मी कुठे ओरडले?"

"रिकामं म्हणालीस."

"अरे, माझ्या कानात कापूस होता! त्या ड्रमने डोकं उठलं होतं. मी च्युइंगगम खरवडत बसले होते. तुझी हाकसुद्धा ऐकली नाही मी. गॅलरी हलली तेव्हा कळलं."

"ताई, मी ऐकलं."

"मग मी खोटं बोलतेय? मोडका पाय घेऊन?"

तो उठला आणि सरळ स्टेडियमवर आला. मैदान रिकामं होतं. संध्याकाळचा कार्यक्रम रद्द झाल्यामुळे समोरच्या बाजूची गॅलरी अजून उघडी होती. त्याने किल्ली गळ्यातून काढून दूर एका खुर्चीवर ठेवली, वाकला आणि अंधारात ओरडला, "खाली कोण?"

थोडा वेळ काहीच नाही. आणि मग, रोज जितक्या वेळाने येई तितक्याच वेळाने, पलीकडच्या टोकाकडून "रिकामं!" शेवटचं अक्षर ओढून म्हटलेलं.

तो झटकन मागे सरकला. मागून वायरमन येत होता.

"कुणाला हाका मारताय? ताई तर दवाखान्यात."

"तू काही ऐकलंस?"

"ऐकलं की. तुम्ही ओरडलात."

"त्यानंतर?"

"त्यानंतर काय?" वायरमनने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "बसा जरा. पाणी आणू?"

तो बसला नाही. किल्ली उचलून मॅनेजरच्या खोलीत गेला आणि ती टेबलावर ठेवली.

"साहेब, ताई ओरडली नव्हती."

"काल तर शपथेवर सांगत होतास."

"मी ऐकलं होतं. ती ओरडली नव्हती."

"म्हणजे काय? एक काय ते सांग."

"दोन्ही खरं आहे, साहेब. आत्ताही ऐकून आलोय. खाली चिटपाखरू नव्हतं."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "बहिणीची नोकरी वाचवायला हे असलं? उद्या तुला येडा ठरवतील. ही किल्ली पुन्हा कुणी तुझ्या हातात देणार नाही, समजतंय ना?"

"देऊच नका," तो म्हणाला. ते इतक्या घाईने म्हणाला, की साहेबांचा विश्वास बसला. त्यांनी किल्ली उचलून खणात टाकली. ताईचं कामावरचं नाव राहिलं.

दुपारी त्याने हे सगळं ताईला सांगितलं. कपाळाला हात लावून ऐकणारी ताई मधेच म्हणाली, "माझाच आवाज?"

"तुझाच. ओढून म्हणतेस तसा."

"आज सकाळी?"

"हो."

तिने छातीवरची चादर वर ओढली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुला एक सांगू? रागावू नकोस. मी ओरडणं सोडूनच दिलंय."

"कधीपासून?"

"बरेच महिने झाले. मागच्या हिवाळ्यात घसा बसला होता ना माझा, तेव्हापासून. बाहेर पडायचे आणि तशीच चहाला जायचे. गॅलरी तर रोज बरोबर मिटायची. म्हटलं, तुला मी जाताना दिसत असेन. म्हणून थांबतोस नि मग फिरवतोस."

"मला तिथून पलीकडचं टोक दिसत नाही, ताई."

"ते मला आज कळतंय."

रोज हा विचारत होता, आणि रोज कुणीच काही सांगत नव्हतं, आणि रोज गॅलरी मिटत होती. ताई रोज वेळेत बाहेर पडलेली असे, एवढंच.

तो हात मांडीवर ठेवून बसला होता. पलीकडच्या खाटेवर कुणीतरी खोकलं. ताई म्हणाली, "पाणी दे जरा."

त्याने मान वर केली, पण जागचा हलला नाही. तिच्या ओठांकडे पाहत राहिला.

"आत्ता तू बोललीस ना?" त्याने विचारलं.