चिंचेनं घासलेला पत्रा

ऐंशीच्या आसपास मी कोल्हापुरात, विद्यापीठात, उन्हावर पाणी तापवण्याच्या संशोधनात होते. काम सांगायला सोपं. तांब्याच्या पत्र्यावर असा काळा थर चढवायचा, की पडलेलं ऊन त्यानं पिऊन टाकावं, परत काही फेकू नये. करताना मात्र नाकी नऊ आले. थर कधी पोपडे धरून सुटायचा, कधी काजळीसारखा बोटाला यायचा. त्यात तीन वर्षं गेली. शिष्यवृत्ती दिवाळीला संपणार होती आणि त्यापुढे घरचे थांबणार नव्हते. मुलगा बघून झाला होता.

पावसाळा सरता सरता एक पत्रा जमला. एकच. दसऱ्यानंतरच्या स्वच्छ उन्हात तो गच्चीवर ठेवून पंधरा दिवस मोजमापं घेतली, की प्रबंध हातात आला असता.

खंडेनवमीला प्रयोगशाळेतही उपकरणांची पूजा व्हायची. आदल्या दिवशी मी आमच्या म्हाताऱ्या शिपाईमामांना म्हटलं, "मामा, सगळं घासूनपुसून ठेवा," आणि घरी गेले. सगळं म्हणजे काय, हे सांगायची मला गरज वाटली नाही. एवढी मी शहाणी.

सकाळी पाहते तर टेबलावर पत्रा लखलखत होता. त्याला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल.

"पार काळामिट्ट झालता की वो ताई," मामा म्हणाले. "घरचा बंब घासतो तसा चिंच लावून दोनदा घासला. आता बगा."

मी बघितलं. ज्यात काही म्हणजे काही दिसू नये म्हणून तीन वर्षं घालवली, त्यात माझा चेहरा स्वच्छ दिसत होता. खूप ओरडावंसं वाटलं. पण चिंचेनं मामांची बोटं सोलवटली होती. मी जिन्यात जाऊन हमसून हमसून रडले.

त्याच दुपारी पुन्हा रसायनं कालवली. दिवाळीपर्यंत रोज थर देत राहिले, रोज तो सुटत राहिला. शेवटी शेवटी मी देवाला नव्हे, पत्र्यालाच हात जोडायला लागले होते.

निरोपाच्या दिवशी मामांनी माझी पुस्तकं खाली आणून दिली. घुटमळले.

"ताई, तुमचं काम झालं न्हाय म्हनत्यात. पूजा मी केलती. माजं काय चुकलं का?"

"नाही मामा," मी म्हटलं, "ऊनच कमी पडलं."

त्यांनी वर पाहिलं. आभाळात एक ढग नव्हता.