खारं पाणी आणि चांदीची पट्टी

त्या दिवसांत मला थकण्याचीसुद्धा सवय झाली होती. बोईसरच्या कारखान्यात गोळ्यांच्या पॅकिंगवर सकाळची पाळी, आणि ती सुटली की दर तिसऱ्या दिवशी दातिवऱ्याला माहेरी, वडिलांच्या पायाची पट्टी बदलायला. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! भाऊ नाही, आईचे हात थरथरतात, मग उरलं कोण?

जाळं ओढताना शिंगाळ्या माशाचा काटा वडिलांच्या पायाच्या अंगठ्यात घुसला होता. त्यांना म्हणे तेव्हा कळलंच नाही. घरी आल्यावर आईला रक्त दिसलं. कामाच्या नादात झालं असेल, असं आम्ही धरून चाललो. साखरेचा आजार जुना, त्यामुळे काटा निघाला तरी जखम राहिली. पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, भरली तर ठीक, नाहीतर अंगठा काढावा लागेल.

त्यांनी एक काळपट करड्या रंगाची पट्टी दिली. तिच्यात चांदीचे कण होते, डोळ्यांना न दिसणारे, नॅनो म्हणतात तसे. ओल मिळाली की त्यांतून चांदी हळूहळू सुटते आणि जखमेतले जंतू मारते. मात्र पट्टी भिजवायची ती बाटलीतल्या शुद्ध पाण्यानंच. मीठ लागलं, तर चांदी मिठालाच धरून बसते, जंतूंपर्यंत पोचत नाही.

"चांदी म्हनतात, मंग काळी कशी?" आई म्हणाली. "माजे पैंजण तरी चमकतात." मी हसले नाही. हसायलाही अंगात त्राण लागतं.

पट्ट्या बदलत राहिले, जखम तशीच. मीच हयगय करत असल्यासारख्या डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायच्या. एकदा पट्टी सोडली तर बोटांच्या बेचक्यात वाळू, कडेला मिठाची पांढरी पूड. आईला विचारलं, तेव्हा तिनं सांगून टाकलं. वडील रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन पाय पाण्यात बुडवून येत होते.

आमच्याकडे कापलं, खरचटलं की पहिला इलाज दर्याचं पाणी. मलाही लहानपणी तसंच बुडवून काढलंय. पण मी किती कानीकपाळी ओरडले होते! "अंगठा घालवाचा हाय का तुमाला? मी काय हौसेनं येते इथं?"

त्याच दिवशी मी वडिलांना बोईसरला, माझ्या खोलीवर आणलं. इथून दर्या दिसत नाही, वासही येतो तो कारखान्यांचाच. हळूहळू जखमेत लाल मांस भरलं, मग वर कातडी आली. अंगठा वाचला, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मला फक्त झोपावंसं वाटलं.

घरी येऊन त्यांना पलंगावर बसवलं आणि पट्टी नसलेला पाय मांडीवर घेतला. राग अजून गेला नव्हता.

"बगितलं ना? खाऱ्या पाण्यानं नाय भरली ती."

"जखमेसाटी नव्हतो जात गो," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पानी गार लागतं का, ते बगाला जायाचो. वाटायचं, आज लागंल."

मी नव्या कातडीवर बोट टेकवलं. मग जोरानं दाबलं.

ते अजून बाहेरच बघत होते. "गप का?" ते म्हणाले. "अंगठ्याला हात लावून बग ना."