माझ्या रेडिओतला बाप्या

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण ही फजिती मी पूर्ण अभ्यास करून ओढवून घेतली होती!

मी ढोकीला राहते. धाकटा भाऊ बाळू माकणीला, आईजवळ. आम्हा दोघांना हौशी रेडिओचा नाद. रीतसर परीक्षा देऊन परवाने काढलेत. हल्ली आम्ही डिजिटल बोलतो. म्हणजे आवाजाचे आकडे करून पाठवायचे, पलीकडं त्यांचा परत आवाज होतो. पण ढोकी ते माकणी सिग्नल लई अशक्त. वाटेत आकडे गळतात, आणि पलीकडं माणूस गुळण्या करत बोलल्यासारखं ऐकू येतं!

पेच असा, की एका सेकंदात आकडे जाणार ठरावीकच. त्यातले काही आवाजाला, काही वाटेतल्या चुका दुरुस्त करायला. आवाजाला जास्त दिले तर शब्द तुटतात. दुरुस्तीला जास्त दिले तर शब्द धड पोचतात, पण आवाजाची रया जाते. शहाण्या माणसानं मधला मार्ग काढला असता. मी? आवाजाचं निम्म्याहून जास्त कापलं आणि सगळं दुरुस्तीला घातलं.

कानाला हेडफोन लावून बसले. बाळू म्हणाला, "ताई, तू बोलत राहा, मी अँटेना फिरवून येतो." आणि आईला म्हणाला, "आई, ताई बोलंल बघ आता. ऐक, पण बटनाला हात लावू नको." गेला गच्चीवर.

बोलत राहायचं म्हणजे काय बोलायचं हो? जे सुचलं ते बोलले. "हे कारखान्यावर गेलेत, संध्याकाळशिवाय यायचे न्हाईत. दार आतून लावलंय. फोनचा आवाजही बंद केलाय. आता निवांत!"

शब्द न् शब्द माकणीत पोचला. एक अक्षर गळलं नाही. फक्त आवाज पोचला तो घोगऱ्या बाप्याचा!

आईनं मला फोन लावला. मी कशाला उचलते? मग तिनं थेट कारखान्यात लावला. "जावईबापू, आधी घरी जावा! घरात कुणीतरी बाप्या शिरलाय, दार लावून बसलाय मेला!"

इकडं मी आपली खुशाल गप्पा मारतेय. अचानक खोलीचं दार हादरलं. हेडफोन काढला, कडी उघडली, तर आमचे हे, कारखान्यातले दोघं, आणि मागं शेजारच्या काकू लाटणं घेऊन!

"कुठंय त्यो?" काकू पलंगाखाली वाकल्या.

"कोण?"

"तुझ्या आईनं रेडिओवर ऐकला त्यो बाप्या!"

कुणाला काही पटेना. शेवटी आईला फोन लावला, तिनं फोन रेडिओजवळ धरला. मी इथं बटन दाबून म्हणाले, "आई, मी सुरेखा बोलतेय." फोनमधून एक दणकट गडी म्हणाला, "आई, मी सुरेखा बोलतेय."

काकूंनी तोंडाला पदर लावला. दोघं कामगार भिंतीकडं तोंड करून हसायला लागले.

हे मात्र तसेच उभे. घाम पुसला, फोनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आता ह्यात बदललंय काय?" हे म्हणाले. "मला तर रोज हाच ऐकू येतोय."