मुलाखतीत मेलेलं मांजर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. पुढं माझी अब्रू जाणार आहे, आणि चहाचा ठसका लागला तर मला बोल लावू नका.

आमच्या समोरच्या घरातली वैशाली नांदेडला शिकते. काय शिकते? तर दुसऱ्यांच्या घरातली भांडणं मिटवायला. त्याला कुटुंब समुपदेशन म्हणतात. मी म्हणलं, "पोरी, त्यात शिकायचं काय? दोघांना दोन खोल्यांत कोंडायचं." तर म्हणे, आधी ऐकायला शिकावं लागतं. एका नवराबायकोची मुलाखत घ्यायची, शब्द न् शब्द उतरवायचा, मग त्याच माणसांना वाचून दाखवायचा. त्यांनी बरोबर म्हणलं तरच ते लिहिलेलं कॉलेजातल्या मॅडमकडं द्यायचं. आता लातुरात आपल्या घरातलं कोण सांगतंय? शेजारच्या घरातलं विचारा, दुपार जाईल. कुणीच तयार होईना. पोरीचं वर्ष जायची वेळ आली.

"मग मी मेलो का?" म्हणलं.

"आबा, पण हे नंतर आजींसमोर वाचावं लागेल. चालेल ना?"

"अगं, गंजगोलाईच्या भर बाजारात भोंगा लावून वाच."

रविवारी ती आली. आमच्या मंडळी, म्हणजे महानंदा, महादेवाला गेल्या होत्या. वैशालीनं फोन समोर ठेवला, "तुमच्या संसाराविषयी सांगा" म्हणाली, आणि गप्प.

"बरा हाय," मी म्हणलं.

तिनं मान हलवली. परत गप्प. हे गप्प बसणं म्हणे मुद्दाम शिकवतात. ज्या माणसाचा जन्म डाळमिलीच्या खडखडाटात गेला, त्याला शांतता सोसते का? जिभेला खाज सुटली.

"आम्ही दोघं एकमेकांशी बोलत न्हाई," मी म्हणलं. "सगळं मांजरामार्फत. ती मांजराला म्हणती, सांग त्यांना, भाकर झाली. मी मांजराला म्हणतो, सांग तिला, मीठ कमी हाय."

वैशालीनं इकडंतिकडं बघितलं. "मांजर कुठंय, आबा?"

"वारलं बाई. गेल्या उन्हाळ्यात. तवापास्नं घर सामसूम."

आता हसंल म्हणून थांबलो, तर पोरीच्या डोळ्यांत पाणी. मग काय, मला चेव आला. मांजराचं दुखणं, त्याच्या उशाशी माझं बसणं, शेवटचा निरोपही त्यानं हिचाच दिला, असं चांगलं तासभर ठोकून दिलं.

आठवड्यानं फोन. "आबा, मॅडमना नुसतं तोंडी सांगितलं, तर म्हणाल्या, इतकं मोकळं वर्गात कुणाच्याच मुलाखतीत कुणी बोललं नाही. रविवारी वाचायला येते."

"वैशाली, ऐक. ते सगळं खोटं व्हतं."

पलीकडनं हळू आवाजात, "आबा, मन मोकळं केल्यावर पुष्कळ जण असं म्हणतात. मी हेही लिहून घेते."

"अगं, मांजरच नव्हतं."

"हो आबा. वाटतं असं कधीकधी."

सांगा, काय करावं या शिक्षणाला? खोटं बोललो, ते लिहिलं. खोटं बोललो हे खरं सांगितलं, तर तेही लिहून राहिली.

रविवारी महानंदा पदर सावरून समोर बसली. वैशाली वाचायला लागली. माझा एक शब्द सोडला नव्हता. वर मधे मधे, "इथे आबा थांबतात, पंख्याकडे बघतात, नाक ओढतात." मांजर मरायला लागलं तसा मी खुर्चीत बारीक होत गेलो. बायको हसली तर पोरीचं वर्ष जाणार, चिडली तर माझं जेवण.

"आजी, हे बरोबर आहे का?"

महानंदा बराच वेळ गप्प. तिला कुणी शिकवलंही नव्हतं.

"मांजर खोटं हाय," ती म्हणाली. "आमच्या घरात मांजर कधीच नव्हतं."

वैशालीचा चेहरा उतरला.

"पर बोलत न्हाई म्हणले, ते खरं हाय. दवाखान्यातून आले की विचारावं, डॉक्टर काय म्हणले? तर म्हणतात, नर्स बरी व्हती. लेकीच्या घरचं विचारलं, तरी गंमतच करतात. पैल्यांदा रागवायची. मग विचारायचंच सोडलं."

"कधी सोडलंस?" मी म्हणलं.

ती वैशालीकडं वळली. "बघ. कळलं बी न्हाई."

मी हसायला गेलो, पण जमलं नाही.

"मग आजी, हे फाडून टाकू का?"

"फाडू नको. मांजराचं खोडून माझं घाल. आन यांना परत बसव. एवढा वेळ यांचं बोलणं मला कुठं मिळतं?"

वैशाली पास झाली. मॅडमना म्हणे खोट्या मुलाखतीतून निघालेलं खरं लई आवडलं. तिचं सुटलं, माझं अडकलं. आता दर रविवारी मला बसवतात. एका बाजूला वैशाली, एका बाजूला महानंदा, दोघी मान हलवून गप्प. सुरुवातीला मी थापांवर निभावून नेलं. पण माणसाकडं थापा तरी किती असणार? साठा संपला हो. आता नाइलाजानं खरं सांगून राहिलो.